भिंतीमागचा बसथांबा

घर बांधायला निघालेलं जोडपं समोर येऊन बसलं, की आर्किटेक्टचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. घरात माणसं किती, म्हातारं कुणी आहे का, स्वयंपाकघरात उजेड कुठून हवा, असलं काही तो विचारत नसे. तो विचारायचा, "गाडी कुठली?"

मग त्या गाडीला वळायला जेवढी जागा लागते तेवढा गोल कागदावर काढायचा, गोलाभोवती खांब उभे करायचे, आणि खांबांच्या मध्ये जे काय उरेल त्याला दिवाणखाना म्हणायचं. ही त्याची पद्धत. तिचा त्याला मनापासून अभिमान होता. कुठे भाषणाला बोलावलं की तो सांगायचा, "घोडागाड्या होत्या तेव्हा दारं उंच होती. आगगाडी आली, तशी गावं स्टेशनाकडे तोंड करून बसली. आता मोटार आहे. घर कसं असावं हे माणूस ठरवत नाही, त्याचं वाहन ठरवतं!" टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणारे सगळे गाडीतून आलेले असायचे, हे मात्र त्याच्या डोक्यात शिरायला पुढे बराच काळ जावा लागला.

शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, त्यानं एक अख्खी वसाहत उभी केली, आणि तिच्यातलं अगदी मागच्या टोकाचं घर स्वतःसाठी घेतलं. प्रत्येक घराचं तोंड म्हणजे एक रुंद शटर, वर दोन खिडक्या. लांबून पाहिलं तर घरं ओठ घट्ट मिटून रुसून बसल्यासारखी दिसायची. माणसांसाठी दार नव्हतं असं नाही. होतं, पण बाजूच्या बोळात, पाण्याच्या पंपाशेजारी. त्याच्या स्वतःच्या घरातलं ते दार चपलांच्या कपाटामागे गडप झालं होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. गाडी आत यायची, शटर खाली यायचं, गॅरेजातून जिना चढला की थेट घरात. वसाहतीभोवती उंच भिंत, भिंतीला एकच फाटक, आणि फाटकावर गाडीच्या काचेवरचं स्टिकर ओळखून आपोआप वर जाणारा दांडा.

नकाशे मंजूर होताना बैठकीत कुणीतरी दबकत विचारलं होतं, "पायी येणाऱ्यांसाठी एखादं छोटं दार नको का? आणि रस्त्याला फुटपाथ?"

"चालणार कोण?" आर्किटेक्ट म्हणाला होता, आणि सगळी बैठक खो-खो हसली होती. तो हशा त्यानं कित्येक वर्षं मनात जपून ठेवला होता.

एका सकाळी तो गॅरेजमध्ये बुटाची नाडी बांधायला वाकला आणि गॅरेज त्याच्याभोवती गरगर फिरायला लागलं. उभं आयुष्य त्यानं गाड्यांना वळवलं होतं. आता गाडी जागच्या जागी उभी होती आणि तोच वळत होता. बायकोनं धरून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"कानाच्या आत बारीक बारीक कण असतात," डॉक्टर म्हणाले. "ते जागचे हलले की असा तोल जातो. घाबरण्यासारखं काही नाही. पण मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

"मग कामाला जाऊ कसा?"

"चालत जा. चालणं उलट चांगलंच यावर."

"चालत?" असं काही त्यानं विचारलं, की डॉक्टरांनी टेबलावरून वाकून खाली पाहिलं.

"पाय ठीक आहेत ना तुमचे?"

बायको एका शाळेची मुख्याध्यापिका. तिची शाळा उलट्या दिशेला, आणि तो दाढी करायला उठायच्या आत तिची गाडी फाटकाबाहेर पडलेली असायची. पहिल्या दिवशी त्यानं टॅक्सी केली. हमरस्ता कसाबसा सहन झाला, पण त्याचं ऑफिस ज्या इमारतीत होतं तिथला पार्किंगचा चढ गोल गोल वर जायचा. तिसऱ्या वेढ्याला त्यानं टॅक्सीवाल्याला थांबायला लावलं आणि दार उघडून पोट रिकामं केलं.

टॅक्सीवाला भला माणूस होता. पाण्याची बाटली पुढे करत तो म्हणाला, "साहेब, हा चढ ज्यानं काढलाय ना, त्याला एकदा मागच्या सीटवर बसवून वर आणला पाहिजे."

"आणलाय," असं म्हणायचं आर्किटेक्टच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तोंड उघडायची हिंमत होईना. त्यानं नुसती मान डोलवली, आणि तेवढ्यानंही पुन्हा मळमळलं.

राहिली बस. बसचा थांबा अगदी जवळ होता. इतका जवळ, की निजायच्या खोलीत पडल्या पडल्या बसचे ब्रेक ऐकू यायचे. थांबा त्याच्या घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावूनच उभा होता. फक्त मध्ये भिंत होती. आणि भिंत कुणी घातली, हे विचारायची सोय नव्हती. त्या थांब्यावर जायचं तर आधी वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत फाटक गाठायचं, बाहेर पडून हमरस्त्याच्या कडेनं ट्रकांचा धूर खात चालायचं, मग भिंतीला वळसा घालून पुन्हा आपल्याच घराच्या मागे यायचं.

शटरचं बटण दाबून तो बाहेर पडला. एवढं मोठं शटर घरघरत वर गेलं आणि खालून हा एकटा, हातात डबा घेऊन. वाड्याच्या थोरल्या दरवाजातून कोंबडी बाहेर पडावी तसं त्याला स्वतःबद्दल वाटलं. रस्त्याला कड नव्हतीच, म्हणून तो मधोमध चालू लागला. आपली वसाहत चालण्याच्या वेगानं तो पहिल्यांदाच बघत होता. गाडीतून या शटरांची एक छान लय जाणवायची. आता तसं काही वाटेना. बंद शटर, बंद शटर, पुन्हा बंद शटर. बाजारपेठेत हरताळ पडावा तसा रस्ता. बघायला काही नाही, टेकायला काही नाही, सावली म्हणून नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी मागे घेत घराबाहेर येत होत्या. त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि काच खाली केली.

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"नाही, चालतोय."

"अगंबाई!" बाईंचा चेहरा पडला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

फाटकाचा दांडा त्याला पाहून वर गेला नाही. त्याच्या कपाळावर स्टिकर नव्हतं. तो वाकून दांड्याखालून बाहेर पडला, वाकताना थोडं गरगरलं, पण निभावलं.

खरी मजा परतताना झाली. फाटकावर नवा वॉचमन होता.

"कार्ड?" त्यानं विचारलं.

"स्टिकर आहे. गाडीवर."

"गाडी कुठाय?"

"घरी. गॅरेजमध्ये."

वॉचमननं जरा विचार केला. "पायी येणाऱ्याला आतून कुणीतरी हो म्हणावं लागतं. कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"माझ्याकडे! मागचं शेवटचं घर. मी तिथेच राहतो."

वॉचमननं फोन उचलून त्या घराचा नंबर फिरवला. खूप वेळ कानाला धरून ठेवला. मग सहानुभूतीनं म्हणाला, "घरी कुणी नाहीये, साहेब."

"नसणारच! मी इथे उभा आहे ना!"

"तेच म्हणतो मी. तुम्ही घरी असतात तर लगेच सोडलं असतं."

आर्किटेक्टला भांडायचं होतं, पण भांडणार कुणाशी? हा नियम त्यानंच सुचवला होता, आणि सुचवताना सुरक्षिततेवर चांगलं लांबलचक बोलला होता. बायकोचा फोन लागेना. शेवटी एक टेंपो आला. कुणाकडे तरी नवा सोफा चालला होता, त्यांनी सकाळीच टेंपोचा नंबर कळवून ठेवला होता. टेंपोवाल्याला दया आली. दांडा झोकात वर गेला आणि आर्किटेक्ट सोफ्याच्या मांडीला मांडी लावून स्वतःच्या वसाहतीत शिरला. प्रवेश सोफ्याला होता. हा नुसता सोबत होता.

संध्याकाळी बायकोला हे सांगताना तो चिडलेला होता, पण ती हसून हसून लाल झाली. "अहो, पण तुम्ही मला किती वर्षं सांगताय, माझ्या वसाहतीत परका माणूस शिरूच शकत नाही म्हणून! खरंच की!"

पुढच्या आठवड्यात आत्या आली. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. एकटी राहायची, शिवणाचे वर्ग चालवायची, आणि भाच्याला चक्कर येते असं कळल्यावर न कळवता निघाली. त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आर्किटेक्टचा फोन वाजला.

"अरे, मी पोचले. तुझं घर दिसतंय मला. गच्चीवर तुझा निळा टॉवेल वाळतोय. दार कुठंय?"

"आत्या, तू कुठे आहेस?"

"बसथांब्यावर. समोर भिंत आहे नुसती."

तो धावत मागच्या अंगणात गेला. "आत्या!"

"अगंबाई, इथेच आहेस होय?" भिंतीपलीकडून आवाज आला, फोनमधून आणि भिंतीवरून एकदमच. "मग उघड की दार."

"इथे दार नाही. तू असं कर, डावीकडे वळ, भिंतीच्या कडेकडेनं हमरस्त्याला लाग, मग फाटक येईल. तिथे वॉचमनला..."

"हमरस्त्यानं? गुडघे घेऊन? बॅग घेऊन?" आत्या म्हणाली. "मी काय म्हणते, त्यापेक्षा तूच ये ना इकडे. आपण इथेच बसून बोलू, मग मी जाते परत."

त्यानं स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावायचा प्रयत्न केला. खाली आत्या बाकावर बसून, मान वर करून त्याच्याकडे बघत होती. शेजारची दोन माणसंही बघत होती. "उतर आधी!" ती ओरडली. "चक्कर येते ना तुला? ही काय थेरं?" शेवटी बायकोनं गाडी काढली आणि सगळा वळसा घालून आत्याला घेऊन आली. गॅरेजमध्ये उतरल्यावर आत्यानं इकडे तिकडे पाहिलं. ऑइलचा डबा, जुने टायर, कोपऱ्यात फिनेल.

"पाहुण्यांना इथून आत घेता?"

"सगळे इथूनच येतात," तो म्हणाला.

"घर छान आहे हो," जिना चढता चढता आत्या म्हणाली. "गाडीला अगदी शोभून दिसतं."

आत्या राहिली. पण तिचा जीव रमेना. तिला रोज फेरी मारायची सवय, आणि इथे फेरी मारायची तर शटरं मोजत. चौथ्या दिवशी तिनं भाच्याला समोर बसवलं. "भिंतीला दार पाड."

"असं कसं पाडता येईल? समितीची परवानगी लागते."

"मग माग. तोंड नाही का तुला?"

तोंड होतं, पण ते कुठल्या तोंडानं उघडायचं हाच प्रश्न होता. तरी तो गेला. वसाहतीचे अध्यक्ष निवृत्त सरकारी वकील होते, आणि त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. आर्किटेक्ट उभा राहून पायी चालण्याचे फायदे सांगू लागला. हवा, आरोग्य, शेजारधर्म. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "या वसाहतीत फुटपाथ का नाही, हे आपल्याला आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा एक वाक्य उच्चारलं गेलं होतं."

"हो."

"कुणी?"

"मी."

"जरा सांगता का सभेला?"

आर्किटेक्टनं घसा साफ केला. "चालणार कोण?" तो पुटपुटला. सभा खो-खो हसली. तोच हशा होता, तेवढाच मोठा. फक्त आता तो भलत्या बाजूला उभा होता. हसणं थांबेना, तेव्हा कधी नव्हे तो त्यालाही हसू आलं. दुसरं करणार तरी काय?

हशा ओसरला आणि अध्यक्षांच्या पत्नी मागच्या रांगेतून म्हणाल्या, "मी चालते."

अध्यक्षांनी मान वळवली. "तू? कुठे?"

"गच्चीवर. पाण्याच्या टाकीभोवती. रोज संध्याकाळी, तुम्ही बातम्या बघत असता तेव्हा."

"मीही," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आमची गच्ची लहान आहे हो, मला मधेच दिशा बदलावी लागते, नाहीतर घेरी येते."

मग एकेक जण कबूल होत गेला. कुणी गच्चीवर चालत होतं, कुणी गॅरेजमध्ये गाडीभोवती, एक गृहस्थ तर दिवाणखान्यात टीपॉयला प्रदक्षिणा घालत होते. अख्खी वसाहत चालत होती. सगळे आपापल्या भिंतीआड, गोल गोल, एकटेच. आर्किटेक्ट ऐकत राहिला. आपण गाड्यांसाठी काढलेल्या गोलांवर ही माणसं वर्षानुवर्षं फिरताहेत, हे डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला हसावं की लपून बसावं कळेना.

दार मंजूर झालं. अट एकच, आणि ती अध्यक्षांनी फार गोड आवाजात सांगितली. थांबा आर्किटेक्टच्या घरामागे, तेव्हा दारही तिथेच. जायची वाट त्याच्या बाजूच्या बोळातून. दुसऱ्या कुणाच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये.

"चालेल," आर्किटेक्ट म्हणाला. दुसरा शब्द सुचला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, कारण सभा पुन्हा हसली.

दाराचं चित्र काढायला तो बसला तो उठेचना. कमान, दिवे, वर छत्री. आत्यानं चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली. "मला यातून बसला जायचंय," ती म्हणाली, "वरात नाही काढायची." तेव्हा कुठे तो साध्या लोखंडी दारावर आला. गवंडी आले, भिंत फोडली, धूळ बसली, आणि सगळे पुढे सरसावले. दाराच्या पलीकडे जमीनच नव्हती! म्हणजे होती, पण कमरेएवढी खाली. वसाहतीला भराव घालून उंच उचललं होतं, हमरस्त्यावरून गाड्यांना झोकात आत शिरता यावं म्हणून. भिंतीबाहेरची जमीन किती खोल राहिली, हे बघायला नकाशा काढणारा तेव्हा कधी बाहेर उतरलाच नव्हता, आणि हल्ली थांब्यावर बसायचा तो भिंतीकडे पाठ करून. थांब्यावरची माणसं वर बघत होती आणि तो खाली. दाराच्या चौकटीत तो असा उभा होता, जणू आता भाषण करणार.

"हरकत नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "इथून उतार काढू. लांब घेऊ, वळवून आणू..."

"उतरायचंय मला," आत्या म्हणाली. "उड्डाण नाही करायचं. पायऱ्या कर चार, आणि धरायला एक दांडा."

पायऱ्या झाल्या, दांडा झाला. आणि मग आर्किटेक्टच्या घराचं जे व्हायचं ते झालं. सकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत दात घासत उभा असला की अध्यक्षांच्या पत्नी जाता जाता "गुड मॉर्निंग" म्हणायच्या आणि त्याला फेसासकट उत्तर द्यावं लागायचं. घरकामाच्या बायकांचा वळसा वाचला. त्या बोळातून मोठ्यानं गप्पा मारत यायच्या, आणि कुठल्या घरात काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं आर्किटेक्टच्या घरात फुकट ऐकू यायचं. बायकोनं एका रविवारी चपलांचं कपाट ओढून बाजूला केलं आणि बाजूचं दार उघडलं. बिजागऱ्यांनी जीव खाऊन बोंब मारली. पण वारा आला. दारापुढे आत्यानं खुर्ची टाकली, शेजारी आणखी दोन आल्या. बाहेर पायऱ्यांच्या सावलीत एक चांभार बसू लागला, त्याच्या शेजारी फुलवाली. घराला तोंड फुटलं, आणि तेही त्याच्या नकाशात जिला पाठ म्हटलं होतं तिकडे.

यथावकाश डॉक्टरांनी त्याचं डोकं धरून डावीकडे उजवीकडे वळवलं, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "चालवा आता गाडी."

त्यानं ती चालवली का? आनंदानं चालवली. मी गाडी सोडून दिली असं मित्रांना सांगायला त्याला फार आवडलं असतं, एकदोनदा त्यानं सांगूनही पाहिलं, पण बायको शेजारी बसलेली असायची. खरं असं होतं, की सकाळी घाई नसेल तेव्हा तो बसनं जायचा, आणि घाई त्याला बहुतेक रोजच असायची.

काही महिन्यांनी वसाहतीच्या बिल्डरनं पलीकडची जमीन घेतली आणि नकाशासाठी त्यालाच बोलावलं. या वेळी त्यानं भिंतीला तीन छोटी दारं काढली, आतल्या रस्त्यांना फुटपाथ, झाडं, आणि घरांची दारं समोर. बिल्डरनं पेन्सिल घेऊन एकेक दार खोडायला सुरुवात केली. आर्किटेक्ट भांडला. आवाज चढवून, टेबलावर हात आपटून भांडला. असं तो आजवर फक्त पार्किंगसाठी भांडला होता. फुटपाथ वाचले, झाडं निम्मी वाचली, भिंतीतल्या तीन दारांपैकी एक राहिलं. बिल्डरलाही ते एकदम पसंत पडलं, कारण त्याला जाहिरात सुचली होती. "पायी जगण्याचा राजेशाही अनुभव," तो हवेत बोट फिरवत म्हणाला. "भाव वाढवू आपण."

मग दोघं जागा बघायला गेले. आर्किटेक्टनं अट घातली होती की सगळी जमीन चालून बघायची. बिल्डर चकचकीत बुटांनी ढेकळांतून थोडं चालला, घाम पुसला, आणि ड्रायव्हरला हात केला. गाडी धूळ उडवत थेट शेतातून आली. बिल्डर आत बसला, थंड हवेचा झोत बाहेर आला.

"येताय ना?"

आर्किटेक्टनं समोर पाहिलं. जमीन अजून बरीच बाकी होती. झाडं कागदावर होती, ऊन मात्र खरं होतं.

"दार जिथे होणार ना, तिथपर्यंतच सोडा," तो म्हणाला, आणि आत बसला.